दर्शनी दुर्बीण

दिवाळी आली की आमच्या घरातले पितळ घासायला निघते. समया, तांब्या, देवाची घंटा यांची ही वार्षिक आंघोळ मी पेपरआडून पाहत आलो आहे. यंदा मात्र कॉलेजातून परतलो तो त्या रांगेत माझ्या चारही दुर्बिणी बसलेल्या! सर्वांत थोरली सौ.च्या हातात होती आणि चिंचेच्या कोळाने तिचा तो तपकिरी, काळसर, शंभर वर्षांचा वाटणारा रंग पार उतरला होता.

"किती मळल्या होत्या हो!" सौ. म्हणाली.

मी काय बोलणार? तो मळ मी जादा पैसे मोजून आणला होता.

हा नाद मला जडला चार वर्षांपूर्वी, मुंबईच्या मटण स्ट्रीटवर, म्हणजे आपल्या चोरबाजारात. गेलो होतो जुनी पुस्तके धुंडाळायला आणि परतलो एक शिसवी पेटी काखोटीला मारून. आत जोडनळीची पितळी दुर्बीण, अंगावर कातडे मढवलेले, मधे फिरवायचे चाक आणि कडेला इंग्रजीत कोरलेले : 'केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, १९१७'. दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. "साहेब, पितळ अस्सल आहे," एवढेच तो म्हणाला. बाकीचे सारे मी माझ्या मनाने ऐकले.

घरी येऊन वाचायला बसलो, हा मास्तरकीचा दोष! केल्व्हिन आणि ह्यूज ही दोन घराणी एकत्र येऊन त्या नावाची कंपनी झाली १९४७ साली. म्हणजे आपल्या जन्माआधी तीस वर्षे ती दुर्बिणी विकत होती! पुढे अशी आणखी रत्ने दिसू लागली. 'व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, १९१५' असे कोरलेल्या नळ्या बाजारात ढिगांनी मिळतात. राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ मध्ये.

शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. मी जाणूनबुजून दुसरी घेतली, मग तिसरी. कारण वस्तू खरोखरच देखणी असते. हे काम आपल्या रुरकीत पुष्कळ होते. तिथे १८४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, मोजणीची आणि आरेखनाची उपकरणे करणारे कारागीर त्या गावात रुजले, आणि आज तिथली पितळी होकायंत्रे नि दुर्बिणी देशोदेशींच्या दिवाणखान्यांत जाऊन बसतात. खरी आरमारी दुर्बीण तुलनेने अगदीच कुरूप. काळी, बोजड, आणि तिच्यावर '७×५०' असा रूक्ष आकडा. सात पट मोठे दाखवणार, पुढच्या भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर. पन्नासाला सातांनी भागा, सातच्या आसपास उत्तर येते. काळोखात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. भिंगाने गोळा केलेला सारा उजेड डोळ्यात उतरावा, एवढ्यासाठी हा हिशेब. रात्रीच्या पहाऱ्याला शोभेचे काय काम?

नक्कल म्हणजे लबाडी नव्हे, असे मी मनाशी म्हणत असे. आम्ही वर्गात शिकवतो ती ज्ञानेश्वरी तरी नकलेवरूनच आपल्यापर्यंत आली. मूळ पोथी कोणी पाहिली आहे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला आणि तो शक सांगूनही ठेवला. हे शेवटले मी सोयीस्करपणे विसरत असे. कारण एव्हाना माझ्या तोंडी एक गोष्ट हळूहळू वाढत होती. पाहुण्यांना आधी म्हणालो, "जुनी आहे." मग, "पहिल्या महायुद्धातली." आणि कधीतरी, चहाचा दुसरा कप चालू असताना, "आमच्या मामांच्या बोटीवरची."

मामा हे काही कल्पित पात्र नव्हे. दापोलीकडचे. मालवाहू बोटींवर तीस वर्षे सुकाणी होते. यंदा दसऱ्याला ते मोतीबिंदू काढायला आमच्याकडे आले आणि कोजागिरीला गच्चीवर मसाल्याच्या दुधाबरोबर एका स्नेह्यांनी नेमकी ती थोरली दुर्बीण मागितली. ती चंद्राकडे लावून ते बराच वेळ गप्प राहिले.

"दोन चंद्र दिसतात हो," ते शेवटी म्हणाले.

मग सगळ्यांनी पाहिले. सगळ्यांना दोन चंद्र! दोन्ही नळ्यांचे रोख जुळलेले नसले की असे होते. स्नेही मामांकडे वळले. "मामा, तुमच्या बोटीवरची ना ही?"

माझ्या हातातले दूध तिथेच थांबले. मामांनी दुर्बीण घेतली, वजन जोखले, कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हो, आमच्याच बोटीवरची," ते म्हणाले. "फार वापरली गेली. भिंगे हलली असतील."

मंडळी गेल्यावर मला काही झोप येईना. मामाही जागेच होते. मी म्हटले, "मामा, तुम्ही माझ्यासाठी खोटे बोललात."

"बोललो," ते म्हणाले. "पण आमच्या बोटीवरची दुर्बीण कसली होती, ठाऊक आहे का तुला?"

मी विचारलेच नव्हते! तीस वर्षे त्यांच्या नावावर फुशारकी मारण्याजोगा मामा, आणि बोटीवर त्यांच्या हाती काय असे हे एकदाही नाही. त्या रात्री मामा बोलत राहिले. दुर्बीण साहेबांची. तिची जागा ठरलेली, तिला हात लावायचा नाही. सुकाण्याची पाळी संपली की पहाऱ्याची पाळी, ती उघड्या डोळ्यांनी. दूरचा दिवा आधी डोळ्याला दिसत नाही, नुसता भास होतो. नजर किंचित बाजूला ठेवली तर तो पक्का होतो. मग ओरडून सांगायचे. साहेब दुर्बिणीतून पाहून 'आहे' म्हणणार, तोवर तो दिवा नाहीच.

मला टायटॅनिकवरचा पहारेकरी फ्रेडरिक फ्लीट आठवला. १९१२ च्या चौकशीत त्याने सांगितले होते की आम्हाला दुर्बीण दिली असती तर हिमनग जरा आधी दिसला असता. आणि १९१७ साली अमेरिकेच्या आरमाराने घरोघरच्या दुर्बिणी मागवल्या होत्या, एक डॉलर देऊन, युद्धानंतर परत करण्याच्या बोलीवर. माझ्या चारांपैकी एकही त्या भरतीत टिकली नसती.

मामांचा डोळा छान झाला. निघायच्या दिवशी कपाटापुढे उभे राहून त्यांनी सर्वांत धाकटी, वीतभर दुर्बीण मागितली.

"नातवाला देईन म्हणतो."

"आणि कुठली म्हणून सांगाल?" मी जरा धास्तावूनच विचारले.

"रुरकीची," मामा म्हणाले. "सगळी बंदरे पाहिली, तेवढे एकच गाव राहिले. म्हणेन, तिथून भाच्याने आणली."

"मामा, मी तरी रुरकीला कुठे गेलो आहे?"

"मग तेवढे तू पाहा," असे म्हणून त्यांनी ती धोतराच्या घडीत गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. कपाटात तीनच राहायला हव्या होत्या. चौथी कुठून आली म्हणाल, तर ती मी गेल्या रविवारी घेतली.