जीटी नव्हे, मिसिंग व्ह्यू!

"अरे, ते सिंहासन असं नसतंच मुळी!"

हे वाक्य माझं. गेल्या गॅदरिंगच्या चित्रकला स्पर्धेच्या वेळचं. टीटी रूममध्ये टेबलांवर सगळी चित्रं मांडून आम्ही कमिटीवाले निवड करत होतो. रात्रीचे साडेअकरा, डोळ्यांवर झोप, आणि सकाळी बोर्डावर लावायची होती तीसच चित्रं. त्यात एक मोठी शीट होती, काळ्या पेनाने काढलेली. तलवारींचा एक अक्राळविक्राळ ढिगारा, वाकडातिकडा, एका बाजूला कललेला. त्याला चढायला पायऱ्या, आणि वर अगदी टोकाला अवघडून बसलेला एक इवलासा माणूस. खाली लिहिलं होतं, 'आयर्न थ्रोन'.

आता 'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरीयल होस्टेलवर कुणी पाहिली नाही? २०११ ते २०१९ अशी आठ सीझन चालली ती. त्यातली ती लोखंडी खुर्ची सगळ्यांना पाठ. म्हणून मी वरचं वाक्य बोललो. दुसरा एक जण म्हणाला, "शिवाय ओरिजिनल कुठाय? दुसऱ्याच्या गोष्टीवरून काढलंय." दोन्ही मुद्दे सगळ्यांना पटले. पंधरा सेकंदांत शीट बाजूला. एकच चित्र 'कॉपी' म्हणूनही बाद आणि 'कॉपी नीट जमली नाही' म्हणूनही बाद, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चित्र माझ्या रूमपार्टनरचं होतं. (नाव छापू नकोस म्हणालाय, म्हणून इथे नुसतं 'पार्टनर'.) खोलीवर गेलो तर हा जागाच. म्हणालो, "नाही रे लागलं." तो म्हणाला, "चालतंय की." आणि कुशीवर वळला. बास. भांडला असता तर बरं झालं असतं.

मग पीएलमध्ये, म्हणजे ज्या दिवसांत अभ्यास सोडून जगातली कुठलीही गोष्ट इंटरेस्टिंग वाटते त्या दिवसांत, त्याच्या टेबलावरचं ते जाडजूड पुस्तक मी सहज उघडलं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं, १९९६ साली आलेलं. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. आणि वाचता वाचता कळलं की सिरीयलमधली खुर्ची ही खुर्ची नव्हेच! पुस्तकातलं सिंहासन अवाढव्य आहे, बेढब आहे. जिंकलेल्या शत्रूंच्या तलवारी ड्रॅगनच्या आगीत वितळवून ते केलेलं. पाती अजून धारदार, म्हणजे राजा जरा बेसावध बसला तर रक्त निघणार. मूळ राजाचा हेतूच तो, की गादीवर बसणाऱ्याने कधी निवांत टेकून बसू नये! पार्टनरने काढलेला तो अवघडलेला इवलासा माणूस काही चुकून अवघडलेला नव्हता. शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक आकडे होते. त्या रात्री मला वाटलं होतं, मापं असतील. ते पान नंबर होते.

पुढे कळलेली गोष्ट तर फारच झोंबली. २०१३ साली खुद्द मार्टिन यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की सिरीयलमधलं सिंहासन हे माझ्या मनातलं सिंहासन नाही. मनातल्या सिंहासनाच्या सगळ्यात जवळ जातं ते मार्क सिमोनेत्ती या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं चित्र. प्रचंड, कललेलं, पायऱ्यांचं! २०१४ च्या 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' या पुस्तकात ते छापलेलं आहे. म्हणजे त्या रात्री टीटी रूममध्ये लेखकाशी सहमत असलेला एकच माणूस होता, आणि त्यालाच आम्ही घरी पाठवला.

तर मित्रांनो, हा लेख म्हणजे थोडी कबुली आहे आणि थोडा वाद.

आधी एक खुलासा. 'अ‍ॅडल्ट फँटसी' म्हटल्यावर ज्यांनी कान टवकारले असतील त्यांची निराशा होणार आहे. मोठ्यांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या, एवढाच त्याचा अर्थ. राक्षस-चेटूक असतं, पण त्याचबरोबर राज्यकारभार, कर्ज, दुष्काळ, म्हातारपण, विश्वासघात हेही असतं. त्या वाचून लोक वेडे होतात आणि चित्रं काढतात. त्याला म्हणतात फॅन आर्ट. आणि आपल्याकडे त्याला म्हणतात 'टाइमपास' किंवा 'कॉपी'.

कॉपी म्हणजे काय हे इंजिनीअरिंगच्या पोरांना कुणी शिकवायला नको. काच घ्यायची, खाली बल्ब, त्यावर मित्राची शीट, वर आपली शीट, आणि मारायची जीटी! जीटीत डोकं लागत नाही, नुसता हात लागतो. मित्राने सेंटर लाइन चुकवली असेल तर आपलीही इमानाने चुकते. यालाच कॉपी म्हणतात.

आता फर्स्ट इयरचा मिसिंग व्ह्यू आठवा. फ्रंट व्ह्यू दिलाय, टॉप व्ह्यू दिलाय, तिसरा तुम्ही काढा. तिथे वस्तू डोळ्यांसमोर नसते. दिलेल्या रेघांवरून ती डोक्यात उभी करावी लागते, फिरवून बघावी लागते, मग कागदावर उतरते. पार्टनरने तेच केलं होतं. लेखकाने शब्दांत दोन व्ह्यू दिले, याने तिसरा काढला. फरक इतकाच की इथे बरोबर उत्तरं अनेक असू शकतात. पण चुकीचं उत्तर चुकीचंच असतं, आणि ते पुस्तक न वाचता काढलेलं असतं.

उदाहरण देतो. टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये आली. १९६५ साली अमेरिकेत बॅलंटाइन प्रकाशनाने त्यांच्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या घाईघाईने काढल्या. मुखपृष्ठं केली बार्बरा रेमिंग्टन या व्यावसायिक चित्रकर्तीने, पण त्या घाईत तिला पुस्तक वाचायलाच मिळालं नव्हतं. परिणाम? 'हॉबिट'च्या मुखपृष्ठावर सिंह आणि इमू पक्षी! गोष्टीत यांचा काय संबंध, म्हणून टॉल्किन वैतागले. पुढे तो सिंह काढून टाकावा लागला. दोष तिचाही नाही म्हणा. वायवाच्या आदल्या रात्री हातात टॉपिक मिळाल्यावर आपणही असे बरेच इमू काढतो.

दुसरं उदाहरण टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'चं. पहिल्या पुस्तकातल्या एका प्रवाशाला चार डोळ्यांचा म्हटलंय. म्हणजे आपला चष्मिस्ट हो! पण जॉश कर्बी या नामांकित चित्रकाराने मुखपृष्ठावर त्याला खरोखरचे चार डोळे काढून ठेवले. पुढे १९९३ साली सही घ्यायला आलेल्या पॉल किडबी नावाच्या एका वाचकाने आपण काढलेली पात्रांची चित्रं प्रॅचेट यांच्या हातात दिली. प्रॅचेटना ती आवडली, दोघं मिळून काम करू लागले, आणि २००१ मध्ये कर्बी वारल्यानंतर मुखपृष्ठांचं काम किडबी यांच्याकडे आलं. पाकीट घेऊन रांगेत उभा राहिलेला वाचक, बरं का!

आणि हा नाद फक्त रिकामटेकड्यांना असतो असंही नाही. डेन्मार्कच्या मार्ग्रेटे यांनी राजकन्या असताना, १९७० च्या सुमारास, टॉल्किनची पुस्तकं वाचून चित्रं काढली आणि टॉल्किनना पाठवली. पुढे त्या राणी झाल्या, आणि १९७७ च्या एका इंग्रजी आवृत्तीत त्यांच्या चित्रांवरून केलेली चित्रं टोपणनावाने छापली गेली. राणीलासुद्धा आवडत्या पुस्तकातलं दृश्य कागदावर उतरवल्याशिवाय राहवलं नाही, तिथे आमच्या पार्टनरचं काय घेऊन बसलात?

यावर एक वाजवी आक्षेप आहे. जग दुसऱ्याचं, पात्रं दुसऱ्याची, मग श्रेय कुणाचं? खरं आहे. मार्टिन यांना स्वतःची पात्रं घेऊन इतरांनी गोष्टी लिहिलेल्या आवडत नाहीत, हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांच्याच २०१४ च्या पुस्तकाचे सहलेखक कोण? एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन, म्हणजे मुळात त्यांचे वाचकच! त्या जगातले बारीकसारीक तपशील त्यांना इतके पाठ होते की लेखकही त्यांना विचारत असे.

खरा चाहता लेखकाचं लुटत नाही, उलट राखण करतो. १९६५ मध्येच 'एस' या दुसऱ्या अमेरिकन प्रकाशनाने कायद्यातल्या फटीचा फायदा घेऊन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परवानगीशिवाय छापलं. किंमत ७५ सेंट. परवानगीची बॅलंटाइन आवृत्ती ९५ सेंटची. टॉल्किन चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहिताना ही हकीकत सांगत गेले, आणि वाचकांनी असा गदारोळ केला की शेवटी 'एस'ने पैसे दिले आणि छपाई थांबवली. वीस सेंट जास्त देऊन पुस्तक घेणारे ते वाचक बहुतेक कॉलेजची पोरंच होती. आपल्या लॅपटॉपमधल्या पीडीएफच्या फोल्डरकडे बघून यावर जास्त बोलत नाही. असो.

सिरीयलवर माझा राग नाही. पण एकदा पडद्यावर चित्र आलं की ते डोक्यात खिळ्यासारखं बसतं. आमच्या आईला अजूनही कृष्ण म्हटलं की नितीश भारद्वाजच दिसतो! आता तर त्याच्याही पुढची सोय झाली आहे. एआयला एक ओळ टाइप करून द्या, दहा सेकंदांत चित्र हजर. मी मुद्दाम 'आयर्न थ्रोन' टाइप करून पाहिलं. आली ती सिरीयलचीच खुर्ची, मस्त चकचकीत. म्हणजे पुन्हा जीटीच की! फक्त काचेखाली एका मित्राची शीट नाही, हजारो चित्रकारांची आहे. पार्टनरला तीन आठवडे लागले होते. त्यातले दोन वाचण्यात गेले होते, आणि माझ्या मते चित्र त्या दोन आठवड्यांतच झालं होतं.

आपण सगळे तक्रार करतो की पोरं वाचत नाहीत. स्टाफरूममध्ये करतात, मेसमध्ये करतात, याच अंकात कुणीतरी केली असेल. आणि एक पोरगा आठशे पानं वाचून, खुणा करून, त्यातलं सिंहासन नेमकं उभं करतो, तेव्हा आपण त्याला सांगतो की तू टीव्ही नीट बघितला नाहीस!

म्हणून कमिटीला, म्हणजे मलाही, एक सुचवणं आहे. पुढच्या गॅदरिंगला 'वाचून काढलेलं चित्र' असा वेगळा विभाग ठेवा. पुस्तक कुठलंही चालेल, मार्टिनचं, टॉल्किनचं, नाहीतर आपल्या नारायण धारपांचं. नियम तीनच. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव चित्रावर हवं. कोणत्या पानांवरून काढलं ते मागे लिहायचं. आणि निवड करणाऱ्यांपैकी निदान एकाने तरी ती पानं वाचलेली हवीत. तिसरा नियम आमच्यासाठी आहे.

पार्टनरचं चित्र या लेखासोबत छापावं अशी माझी फार इच्छा होती. विचारलं, तर म्हणाला, "ती शीट कुठाय आता! मागची बाजू कोरी होती, त्यावर स्क्रू जॅक काढला." त्याचं मशीन ड्रॉइंगचं एक सबमिशन राहिलं होतं, नवी शीट आणायला वेळ नव्हता. स्क्रू जॅक अर्थातच जीटी मारलेला. तो पास झाला, सही मिळाली, फाइल जमा झाली.

तेव्हा सर, डिपार्टमेंटच्या कपाटात आमच्या बॅचचा गठ्ठा अजून असेल, तर रद्दीत जाण्यापूर्वी ती शीट एकदा उलटून बघा. कोपऱ्यात पेन्सिलने पान नंबर आहेत.