मासे विकता, तर माती आणि झाडेही विका

कापडाच्या, चपलांच्या, अत्तराच्या दुकानात गल्ल्याशेजारी माशांची काचेची पेटी ठेवण्याची चाल आता लहान गावांतही रुळली आहे. गिऱ्हाईक दोन मिनिटे जास्त बसते, सोबतची मुले रडत नाहीत, दुकानाला शोभा येते. व्यापारीबंधूंनी हा शौक करू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप आहे तो ही पेटी आपल्याला ज्या रीतीने विकली जाते त्या रीतीवर.

बाजारात मिळणारा संच बहुतेक ठिकाणी एकच असतो. पेटी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे, हवेचा पंप, फिल्टर आणि पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे. पंधरा दिवसांत निम्मे मासे मरतात. मग औषधाची बाटली येते, मग नवे मासे, मग त्याहून मोठा फिल्टर. शेवटी पेटी माळ्यावर जाते आणि घेणारा म्हणतो, आमच्या हाताला मासे लाभत नाहीत. लाभण्या न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. पहिल्या धुण्यात रंग सोडणारे कापड पक्क्या रंगाचे म्हणून विकणाऱ्याला आपल्या पेठेत काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. हा धंदा त्याच जातीचा आहे. इथे तर मुका जीवही जातो.

मासे का मरतात ते समजून घेण्यासारखे आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असले तरी तो त्यात असतो आणि माशाला तो विष आहे. पेटीतील विशिष्ट जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच, आणि पुढे नायट्रेट करतात, जे बरेच निरुपद्रवी असते. पण हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्या दिवशी दहा मासे सोडले तर ते या मधल्या काळातच मरणार. ही गोष्ट विकणाऱ्याला माहीत असते. सांगितली तर त्या दिवशी मासे विकले जात नाहीत, एवढेच.

यावर सर्वात स्वस्त इलाज म्हणजे जिवंत पाणवनस्पती. अमोनिया हे त्यांचे अन्न आहे. त्या तो थेट शोषून घेतात. उजेडात कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात. उर्दू शाळेत आम्ही याला ‘झियाई तालीफ’ म्हणून शिकलो, मराठी पुस्तकांत प्रकाशसंश्लेषण म्हणतात; शब्द कोणताही असो, काम फुकट होते. ही काही नवी हिकमत नव्हे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 च्या सुमारास सोनमासे, वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून एकाची घाण दुसऱ्याचे अन्न कसे होते ते दाखवून दिले होते. कुजलेली पाने पाणी बिघडवू लागली म्हणून त्यांनी गोगलगायी घातल्या, हा त्यातला मासला. पुढे 1999 साली अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी पाणवनस्पतींच्या पेटीवर पुस्तक लिहिले आणि साध्या मातीवर झाडे लावण्याची रीत शास्त्रीय कारणांसह मांडली. आज जगभर लोक त्यांच्या नावाने ही रीत ओळखतात.

आता प्रत्यक्ष कृती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी दुकानाला पुरते. तीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. काच, माती धरून वजन 75 किलोच्या आसपास जाते. म्हणून ती काचेच्या काउंटरवर ठेवू नये. सुताराकडून मजबूत, सपाट घोडा करून घ्यावा आणि खाली थर्मोकोल घालावा. पेटी स्थानिक काचवाल्याकडून करून घेता येते, मात्र सिलिकॉन मत्स्यपेटीचेच हवे. न्हाणीघरासाठी येणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना घातक आहे.

तळाला बागेतली साधी माती, चाळून, एक इंचाचा थर. शेणखत किंवा रासायनिक खत घातलेली माती मुळीच नको. मातीवर एक इंच जाड वाळू किंवा बारीक खडी, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. मग झाडे, आणि इथे कंजुषी करू नये. चार काड्या लावून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त तळ झाडांनी भरला पाहिजे. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला आपल्याच हवापाण्यातल्या आहेत, बोअरिंगच्या जड पाण्यातही तगतात. पाण्यावर तरंगणारी थोडी वनस्पती ठेवली तर ती अमोनिया आणखी वेगाने ओढते.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्या बादलीत 24 तास ठेवले की बहुधा उडून जाते. घाई असेल तर हायपो चिमूटभर. आपल्यापैकी जे ब्लीचिंगच्या कामात आहेत त्यांना हे सांगायला नको. कापडातले क्लोरीन मारायला जो हायपो वापरतात तोच हा. दुकानात तो सुंदर बाटलीत, निळ्या रंगात, अनेकपट भावाने मिळतो.

पहिले दोन-तीन आठवडे मासे सोडू नयेत. माती सुरुवातीला अमोनिया सोडते, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. नवी पाने फुटू लागली की थोडे मासे, तेही दोन हप्त्यांत. डास मारण्यासाठी आरोग्य खाते हौदात सोडते ते गप्पी मासे उत्तम. सगळे नर घ्यावेत, नाही तर संख्या आवरत नाही. किंवा झेब्रा, जो भारतातलाच मासा आहे. 55 लिटरला सात-आठ लहान मासे पुरेत. खुराक दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. जास्तीचा खुराक म्हणजे पुन्हा अमोनियाच.

उजेड आठ ते दहा तास. वॉल्स्टॅड बाई दुपारी काही तास दिवा बंद ठेवायला सांगतात, म्हणजे तेवढ्या वेळात पाण्यात कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो. दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी जाणाऱ्या आपल्या मंडळींना ही शिस्त आयतीच आहे. शेवाळ वाढले तर औषध आणू नका, दिव्याचा वेळ कमी करा.

हिशेब पाहा. 12 वॉटचा एलईडी दिवा रोज आठ तास म्हणजे महिन्याला तीन युनिटच्या आत. 15 वॉटचा फिल्टर चोवीस तास चालला तर जवळजवळ अकरा युनिट. लहानसा पंप ठेवायला आमची हरकत नाही, पण पेटीचा जीव त्याच्यावर टांगलेला नसावा. मालेगाव-भिवंडीच्या मंडळींना वीज जाणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. माशांनी ठासून भरलेली, यंत्रावर जगणारी पेटी वीज गेली की काही तासांत धोक्यात येते. थोडे मासे आणि पुष्कळ झाडे असलेली पेटी तोवर निभावून नेते. रात्री झाडेही ऑक्सिजन वापरतात हे खरे, म्हणून तर मासे थोडेच ठेवायचे.

तीन वस्तूंना मात्र दुकानदाराने हात जोडावेत. एक, गोल बरणीतला सोनमासा. तो पुष्कळ वाढतो, घाण फार करतो, झाडे खातो. बरणी ही त्याची कबर आहे. दुसरी, काच साफ करतो म्हणून मिळणारा सकर मासा. तो फूटभराहून मोठा होतो, मग कंटाळून लोक त्याला तळ्यात, नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात हाच सकर मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊन त्यांच्या पोटावर उठला आहे. पेटीतला मासा किंवा झाड कधीही बाहेरच्या पाण्यात टाकू नये.

तिसरी वस्तू आम्हाला सर्वात जास्त टोचते. आपल्याकडच्याच पारदर्शक काचमाशाच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवा रंग टोचून तो विकला जातो. काही महिन्यांत रंग उतरतो, तोवर मासा जगला तर. कापडाला कच्चा रंग देणाऱ्याला निदान कापडाला वेदना होत नाहीत एवढे तरी म्हणता येते.

आमच्या ओळखीच्या एका मासेवाल्याला आम्ही हे सर्व ऐकवले. तो म्हणाला, “शेठ, तुमच्या रीतीने पेटी लावली तर गिऱ्हाईक परत कशाला येईल? आमचं पोट मेलेल्या माशांवर चालतं.” बोलणे कडू असले तरी खरे होते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे.

गिऱ्हाईक आजही परत येत नाही. ते पेटी माळ्यावर टाकते आणि दहा जणांना सांगते की हा शौक करू नका. ज्याची पेटी वर्षभर हिरवी राहते त्याच्या दुकानात बसलेला प्रत्येक माणूस विचारतो, कुठून घेतली? आणि झाडे हा असा माल आहे की तो गोदामात वाढतो. वॅलिसनेरिया जमिनीलगत धावरे टाकून एकाची अनेक होते. गच्चीवर दोन टब, खाली माती आणि अर्धवट ऊन एवढ्या भांडवलावर घरातल्या बायाही ती वाढवू शकतात. आज बऱ्याच लहान गावांतला मासेवाला झाडे मुंबईहून मागवतो आणि प्रवासात त्यातली निम्मी कुजतात. काचवाला, सुतार, झाडे वाढवणारे घर आणि मासेवाला, चौघांनी मिळून लावलेली पेटी विकावी, तीन आठवडे सांभाळून मगच मासे द्यावेत आणि त्या सांभाळण्याची मजुरी उघडपणे बिलात लावावी. शिवलेल्या कपड्याची शिलाई आपण वेगळी घेतोच की.

आणि घेणाऱ्या दुकानदाराने पेटीचा भाव करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मासे आजच देणार का? जो “हो” म्हणेल त्याच्याकडून फक्त काच घ्यावी.