झाकली मूठ

सणासुदीच्या अंकात कर्जाचा विषय काढलेला काही वाचकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. करंज्या-चकल्यांच्या ताटाशेजारी सावकाराचा कागद कशाला, असे कोणी म्हणेल. पण याच दिवसांत व्यापारी मंडळी हळदकुंकू वाहून चोपड्या पुजतात आणि पाडव्याला नवी वही घालतात. आपण नोकरदार, प्रापंचिक माणसे मात्र लक्ष्मीची तसबीर पुजतो आणि वही उघडायची तेवढी टाळतो. बहुतेक घरांत तर ती नसतेच.

माझी उभी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. निवृत्त झाल्यापासून नात्यातली, आळीतली माणसे संध्याकाळी येऊन बसतात, इकडचे तिकडचे बोलतात, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतात, "काका, थोडं कर्ज झालंय. काहीतरी मार्ग सांगा." मार्ग सांगायला माझी ना नाही. परंतु इतक्या अनुभवानंतर मी ठासून सांगतो की, या 'थोडं' शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. वैद्याकडे जाऊन माणूस रोग निम्मा सांगतो आणि औषध मात्र पुऱ्या रोगावर मागतो, तशातला हा प्रकार आहे.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण काढणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज नसावे खास. पेढीवर पत राखून बसलेल्या शेठजींना ती शोभत असेल. देणेकऱ्याची मूठ झाकलेली राहिली की आतले सव्वा लाख दोन लाखांवर जातात, एवढाच तिचा अर्थ उरतो.

आकडेच मांडतो. एका गृहस्थांच्या हातात पगार येई ४२,००० रुपये. सांगितलेले कर्ज ४ लाख, तेही एका पतसंस्थेचे. त्यांचा घरखर्च २७,००० धरून १२,००० चा हप्ता बसवला. ३,००० शिल्लक राहात होते. कागदावर चित्र सुरेख होते. तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला, आणि मग पोतडीतून एकेक वस्तू बाहेर पडू लागली. क्रेडिट कार्डाचे ८०,०००. मेहुण्याकडून हातउसने १,५०,०००. पत्नीच्या पाटल्या ठेवून सोनेतारणावर १,२०,०००. म्हणजे देणे चारचे नव्हे, साडेसात लाखांचे! कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४ रुपये. कार्डवाले दरमहा 'किमान' म्हणून ४,००० मागत. ते भरूनही मुद्दल कमी होई अवघे ६९६ रुपयांनी. पाटल्यांवरचे व्याज आणखी १,२०० रुपये. शिल्लक ३,००० आणि मागणी ५,२०० ची. मेहुणा भला म्हणून गप्प होता. उरलेला खड्डा या गृहस्थांनी मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाने भरला, आणि तेही मला सांगितले नाही.

पहिल्याच दिवशी साडेसात लाख सांगितले असते तर? पाटल्या सोडवण्याच्या नादी न लागता त्या विकून सोनेतारण मिटवायचे आणि वर उरेल त्यात कार्ड फेडायचे, मेहुण्याकडून दोन वर्षांची मुदत मागून घ्यायची, पतसंस्थेकडे हप्ते लांबवण्याचा अर्ज करायचा. यात जादू कसलीच नाही. पण हा मार्ग साडेसात लाखांचा आहे. चार लाखांचा मार्ग निराळा. खोट्या आकड्यावर खरा तोडगा बसत नाही, हे दुसरीतल्या पोराला समजते, एम.ए. झालेल्या बापाला समजत नाही.

कोणी म्हणेल, आता लपवायला जागाच कुठे उरली? २००५ च्या कायद्याने पतमाहिती कंपन्या आल्या. सिबिलसारख्या चार कंपन्या प्रत्येकाची कुंडली बाळगून आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पुरा अहवाल फुकट मागवता येतो. जरूर मागवावा. तथापि त्यात बँका, कार्डे, वित्तकंपन्या यांचीच नोंद सापडते. मेहुण्याचे हातउसने, भिशीची थकलेली पाळी, वाण्याची उधारी, चौकातल्या सावकाराला सही करून दिलेला कोरा चेक यांतले काहीच तिथे नसते. म्हणजे नात्याला चूड लावणारे आणि दाराशी माणसे आणून बसवणारे जे देणे, ते तुमच्या तोंडूनच कळायचे.

आपल्याकडचा जुना इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पोचले. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याने न्यायाधीशाला एक मोलाची मुभा दिली: रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जायचे, मूळ किती दिले, व्याज किती चढवले, हे खणून काढायचे. शेवटचा आकडा फसवा असतो, हे त्या काळच्या सरकारलाही उमगले होते. सुप्याच्या कुणब्याने कागद जाळले ते सावकाराने फसवले म्हणून. आम्ही आमचे कागद कपाटावरच्या सुटकेसीत कोंबतो ते स्वतःला फसवता यावे म्हणून. यात शूर कोण ते वाचकांनीच ठरवावे.

हे सारे ज्या अब्रूपायी चालते, तिच्याविषयी मला आता बोललेच पाहिजे. "घरात कळलं तर काय म्हणतील?" हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. अहो, घरात कळलेले असते! पाटल्या नसलेले हात आईला दिसत नाहीत की काय? रात्री गॅलरीत जाऊन फोन घेणारा नवरा कुणाशी बोलतो, याचे भलतेसलते तर्क करून बायको सुकत असते; खरे कारण कळल्यावर हायसे वाटून रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली, पण त्यापूर्वी रमीत घालवलेले पैसे कितीतरी घरांत अजून 'गावच्या घराची डागडुजी' या नावाने नांदत आहेत.

आणि हे गृहस्थ पुन्हा वर तोंड करून म्हणतात, "तिनं भिशीचे पैसे माझ्यापासून लपवलेत, आधी ते काढायला सांगा." डब्यात साठवलेली बाईची शिल्लक आणि पुरुषाचे लपवलेले देणे यांना एका तागडीत घालायला मी तयार नाही. ज्याने कर्ज केले त्याने आधी बोलावे. तिला भरवसा वाटला तर डबा ती आपण होऊन उघडील; न उघडला, तर त्या घरात भरवसा का नाही याचा विचार त्याने करावा.

खरा संताप येतो तो जामीनदाराच्या प्रकरणी. पतसंस्थेला सहसा दोन जामीन लागतात. मग शाळेपासूनचा मित्र गाठायचा, "नुसती सही रे, नावापुरती," म्हणायचे आणि आधीच्या तीन कर्जांविषयी अवाक्षर काढायचे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. हप्ते थकले की वसुली मित्राच्या पगारापर्यंत पोचते. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी त्यात जाते. आपली अब्रू झाकण्यासाठी दुसऱ्याचे ताट ओढायचे, याला चोरी म्हणायला माझी जीभ कचरत नाही.

मी कर्ज चव्हाट्यावर मांडा असे म्हणत नाही. शेजाऱ्याला, व्याह्याला, ऑफिसातल्या चहाच्या टोळक्याला ते कळण्याचे कारण नाही. जोडीदार, जामीन राहणारा, आणि ज्याच्याकडे मार्ग मागायचा तो, एवढ्यांनाच, पण सगळे. नादारीचा कायदा तरी दुसरे काय मागतो? १९२० च्या कायद्याप्रमाणे अर्ज करणाऱ्याला प्रत्येक सावकाराचे नाव, प्रत्येक देणे आणि आपली सारी मालमत्ता लिहून द्यावी लागते. लबाडीने लपवणे हा गुन्हा ठरतो. पण तोच कायदा नेसूची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र यांना हात लावू देत नाही. एवढी माणुसकी आपल्या नातेवाइकांत असती, तर माणसे खरे बोलायला इतकी भ्याली नसती, हेही खरे. कर्जबाजारी पोराला 'घर बुडवलंस' म्हणून दहा जणांत फाडून खाणारा काका त्याच्या खोटेपणाचा भागीदार असतो.

हल्ली माझा नेम ठरून गेला आहे. नवराबायको दोघे आल्याखेरीज मी कागद हातात घेत नाही, आणि आरंभी एकच पाटकोरा कागद त्यांच्यापुढे ठेवतो: कोणाचे किती, व्याज काय, जामीन कोण. मी शेजारच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचतो. लिहायला कधी तासभर लागतो, मधेच आवाज चढतात, कधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. काहीजण कागद कोरा ठेवून निघून जातात, रस्त्यात भेटले तर तोंड चुकवतात. जे लिहितात त्यांची बेरीज मी करीत नाही. ती त्यांनाच करायला लावतो.