प्रेमभंगावरील बाजारी उतारा

प्रेमभंग झाला असतां बाजारांत जावें, मनाजोगें कांहींतरी विकत घ्यावें, म्हणजे जीव हलका होतो, असा उपदेश हल्लीं सुशिक्षित घरांतून राजरोस ऐकूं येतो. त्याला शास्त्राचा आधारहि दाखविण्यांत येतो. तो अगदींच खोटा नाहीं. वस्तूंची निवड केल्यानें खिन्नता कांहींशी ओसरते, कारण निवडतांना आपल्या हातीं थोडी सत्ता उरल्यासारखें वाटतें, असें २०१४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. परंतु तिकडचाच २००८ सालचा प्रयोग आमचे उपदेशक सोयिस्करपणें विसरतात. दुःखद चित्रफीत पाहिलेलीं माणसें पाण्याच्या बाटलीला इतरांच्या कितीतरी पट किंमत द्यावयास तयार झालीं. आणि त्या दुःखाचा या किंमतीशीं कांहीं संबंध आहे, हें त्यांना कबूलच नव्हतें! दुकानदाराला याहून सोयीचें गिऱ्हाईक कोणतें?

गेल्या वर्षीं आम्ही रेडीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांच्या कन्येनें स्वतः पसंत केलेल्या मुलाशीं ठरलेलें लग्न नुकतेंच मोडलें होतें. पडवींत कुरिअरचीं खोकीं रचलेलीं. निम्मीं फोडलेलींसुद्धां नव्हतीं. "निदान रडत तरी नाहीं," असें तिच्या आईनें समाधानानें सांगितलें. त्या समाधानाचीच आम्हांला भीति वाटली. घरांत कोणी मेलें तर आपल्याकडे सुतक असतें, शेजारीपाजारी समाचाराला येतात. या मुलीच्या दुःखाला घरांत नांवहि नव्हतें. विषय निघतांच आम्हांला चहा विचारला जाई. पडवींत बसण्याची मोकळीक होती ती फक्त खोक्यांना.

मुलगी कमावती आहे, तुमचें काय जातें, असें कोणी म्हणेल. पैशाचा हिशेब आम्ही मागत नाहीं. मुलीला दोषहि देत नाहीं. रडण्याची जागा हिरावून घेऊन हातीं यादी देणाऱ्या वडीलधाऱ्यांशीं आमचें भांडण आहे. रेडीशेजारच्या शिरोड्यास वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. त्यांची 'ययाति' १९५९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि ती या घरांच्या कपाटांतून आहे. पुराणांतल्या ययातीनें यौवन उसनें घेतलें, तरी तृप्ति झाली नाहीं; आमच्या मुलांना तोच प्रयोग मासिक हप्त्यांवर करावयास सांगतात!

निघण्याच्या आदल्या सायंकाळीं, "समुद्रावर येतेस का?" असें आम्हीं मुलीला विचारलें. "येतें, काका," म्हणाली. यशवंतगडाच्या बाजूनें चालतांना ती तासभर बोलत होती. आम्ही फारसें बोललों नाहीं. परतलों तेव्हां आई दारांतच उभी होती. नवें खोकें आलें आहे, एवढेंच तिनें सांगितलें.