खेळातला कॅमेरा

आमचा धाकटा मित्राकडे ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ खेळायला जातो. शर्यत सोडून तो गाड्यांचे फोटो काढत बसतो, हे कळल्यावर मी रागावलो. “बाबा, एकदा बघा तरी,” म्हणाला. गेलो.

फोटोची सोय या मालिकेत २००४ च्या चौथ्या भागापासून आहे. २०२२ च्या या सातव्या भागात जगातल्या खऱ्या ठिकाणांच्या छायाचित्रांत गाडी उभी करता येते. कॅमेरा खऱ्यासारखाच चालतो. अॅपर्चरचा आकडा कमी केला की मागचे धूसर होते, गाडी उठून दिसते. शटर फार जलद ठेवले तर धावती गाडीही थांबलेली वाटते. ते हळू ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की चाके फिरतात, रस्ता मागे पळतो. रुंद लेन्सने जवळून टिपले तर गाडीचे नाक फुगते; म्हणून मागे सरकून लांबची लेन्स लावायची. शेवटी उजेड आणि रंग बेतानेच सुधारायचे. भडक केले की गाडी खेळण्यातली दिसते.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात त्याने उसना कॅमेरा हाती घेतला. गर्दी धूसर, नवरीचे डोळे स्वच्छ! आम्ही कॅमेरा कधी विकत घेऊ शकलो नव्हतो. पोरगा मात्र तो शिकून बसला होता.

पालकहो, खेळाला वेळेची मर्यादा जरूर घाला. पण रागावण्याआधी घटकाभर मुलाशेजारी बसा.