ग्राउंड लूपची नोंद लॉगबुकात हवी

नांदेडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५८ मध्ये बांधली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या पुष्पकने पहिले उड्डाण केले. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या चमूचे हे दोन आसनी टेलव्हील विमान: कापडी आवरण, ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन आणि अमेरिकी एरॉन्का चीफच्या वळणाचे उंच पंख. फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिकांचे पाय रडरवर बसले ते पुष्पकमध्येच.

अशा जुन्या विमानाची विक्री निघाली की पहिली विचारणा नोंदणीची होते. डीजीसीएच्या प्रमाणपत्रावर व्हीटीपुढची तीन अक्षरे, अनुक्रमांक आणि मालकाचे नाव असते. मालक बदलला की तेही बदलते. पण मधल्या काळात विमानाने काय सोसले, हे त्यावर कुठून येणार?

टेलव्हील विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरल्यावर नाक किंचित वळले की मागचे वजन ते वळण वाढवतच नेते. रडरला क्षणभर उशीर झाला की विमान गर्रकन फिरते, म्हणजेच ग्राउंड लूप होतो, आणि बाहेरच्या पंखाचे टोक जमिनीला घासते. पूर्वी गवताच्या मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून उतरता येई, आणि गवतावर टायर घसरून थोडी चूक पोटात घेतली जाई. नांदेडला काय किंवा १९९१ मध्ये झालेल्या लातूरच्या विमानतळावर काय, धावपट्टी एकच, तीही डांबरी. वारा आडवा असला तरी दिशा तीच, आणि डांबर टायरला पकडून ठेवते.

खरी मेख पुढे आहे. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातील अपघाताच्या व्याख्येतून पंखांची टोके, प्रोपेलर, टायर, ब्रेक एवढ्यापुरते मर्यादित नुकसान वगळले आहे. मोठ्या विमानांच्या बाबतीत ते योग्यच. पण पंखात लाकडी स्पार (पंखाचा मुख्य आडवा वासा) असेल, तर टोकाला बसलेला धक्का आतपर्यंत जातो. लाकडाच्या तंतूंना दाबाची बारीक चीर पडते. वरून कापड ताणलेले, रंग चकचकीत; ती चीर वर्षानुवर्षे नजरेस पडत नाही. एरॉन्का घराण्यातील लाकडी स्पारच्या विमानांसाठी अमेरिकेच्या एफएएने २०००-२५-०२ हा आदेश काढला तो याचसाठी. दरवर्षी आणि पंखाला इजा झाल्यावर प्रत्येक वेळी स्पार तपासायचाच.

म्हणजे कागदोपत्री जो अपघातच नव्हे, तोच अशा विमानाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग असू शकतो. ‘विंगटिप दुरुस्त केली’ एवढ्या ओळीवर भागवणे आम्हाला मान्य नाही. टोक कशाने मोडले, कोणत्या बाजूचे, वेग साधारण किती होता, स्पार उघडून पाहिला का आणि कुठपर्यंत पाहिला, हे लिहायला इंजिनिअरला दहा मिनिटे पुरतात. विद्यार्थ्याच्या हातून ग्राउंड लूप झाला तर इन्स्ट्रक्टरने तो झाकू नये आणि क्लबनेही त्याला त्यापायी घरी बसवू नये. शिक्षेची धास्ती असेल तिथे वही कोरीच राहणार.

जुने टेलव्हील विमान घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: मूळ लॉगबुके पहिल्या पानापासून मागा, आणि मधली वही गहाळ असेल तर दोन्ही पंखांचे स्पार तपासून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.