टॅबलेट आले, मास्तरांचें काय?

हल्लीं शाळांतून मुलांस टॅबलेट व लॅपटॉप वांटण्याचे समारंभ होतात. हारतुरे होतात, फोटो निघतात, गांव खूष होतो. श्रीमंताच्या मुलास जें घरीं मिळतें, तें कुणब्या-सुताराच्या मुलास निदान शाळेंत तरी मिळालेंच पाहिजे. पण आम्ही मास्तर आहों म्हणून सांगतों, नुसतें यंत्र म्हणजे विद्या नव्हे.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या सरकारनें २००८ पासून गरीब मुलांस लाखों लॅपटॉप वांटले. पुढें ३१९ खेडवळ शाळांची पाहणी होऊन २०१२ सालीं निष्कर्ष बाहेर आला. मुलें यंत्र सफाईनें चालवूं लागलीं होतीं; गणित व भाषा यांत मात्र प्रगति दिसली नाहीं. मास्तरांची तयारी अपुरी होती आणि बहुतेक शाळांत इंटरनेटच नव्हतें.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांकरितां चांगले तयार केलेले व पुरेशा पगाराचे मास्तर मागितले होते. ती मागणी अजून जुनी झालेली नाहीं.

बांधवहो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा आईबापांस दिल्या आहेत. त्या बैठकीस जा व विचारा: वीज कायम असते काय? यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चानें? त्यांत मराठी धडे आहेत काय? मास्तरांस तें शिकविलें काय? सरळ उत्तर मिळाल्यावांचून कोणाच्याहि गळ्यांत हार घालूं नका.